प्रतिनिधी की निरोप्या?

आपण ज्यास निवडून देतो त्याने लोकमतामागे जावे, की स्वतःच्या विवेकास स्मरून वागावे? हा प्रश्न आपणांस परका नाही. महाडच्या तळ्यावर तो आपल्या वाडवडिलांच्या ओंजळीपर्यंत आला होता.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलाने १९२३ साली मंजूर केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, अर्थात कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह आपले लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि त्याच दिवशी गावात त्यांस मारहाण झाली. मग नगरपालिकेने काय केले? ऑगस्टमध्ये आपलाच ठराव रद्द केला! सभासदांनी गावाचे ऐकले, म्हणून त्यांस लोकशाहीचे पाईक म्हणावयाचे काय? ज्यांच्या तहानेचा प्रश्न होता, त्यांस त्या लोकमतात कोणी गणलेच नव्हते. पुढे प्रकरण कोर्टात गेले. अस्पृश्यांस तळे वर्ज्य असल्याची पुरातन वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, असा हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

आता दुसरी बाजू पाहा. हिंदू संहिता विधेयकास विरोध उसळला, निवडणूक तोंडावर आली, विधेयक रखडले. तेव्हा कायदेमंत्री बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५२ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले. (पराभवाचे कारण एकटे विधेयक, असे मी म्हणणार नाही.) त्या विधेयकातून १९५५-५६ साली निघालेले विवाहाचे व वारसाचे कायदे बौद्धांनाही लागू आहेत. आपल्या लेकीच्या वाट्याचा उगम तेथे आहे.

म्हणून प्रतिनिधीस मोकळे रान द्यावे, असे मात्र नव्हे. नळ कोठे बसवावा, हे वस्तीलाच अधिक कळते. तेथे त्याने मुकाट्याने निरोप्या व्हावे. माणसाच्या हक्काचा निवाडा हात मोजून करावयाचा नसतो. तेथे त्याने विवेकाने मत द्यावे आणि वस्तीत उभे राहून त्याचे कारण सांगावे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून 'पक्षाचा आदेश होता' हे उत्तर फार सोयीचे झाले आहे. तेवढ्यावर समाधान मानू नका. उमेदवार दारी येईल तेव्हा नळाविषयी त्यास जरूर विचारा. पण १९२७ साली आपण महाडच्या नगरपालिकेत असता, तर हात कोणत्या बाजूस वर केला असता, हेही विचारा.