चिन्ह चिकटवावे की रंगवावे?

स्मरणिकेत आजार आणि औषधे यांविषयी जाणकारांचे लेख असतातच. म्हणून या वेळी माझ्या एका छंदाविषयी थोडे मतप्रदर्शन करण्याचे धाडस करीत आहे.

माझे बालपण नाशिकला गेले. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला होता. त्यामुळे मिग-२१ ची गर्जना आम्हा मुलांच्या कानांना परिचित होती. पुढे एम.डी. होऊन सुरतेत स्थायिक झालो, तरी १:७२ प्रमाणातील प्लॅस्टिकची विमाने जोडण्याचा नाद सुटला नाही. सुमारे सात मीटर पंखविस्ताराचे मिग या प्रमाणात जेमतेम दहा सेंटिमीटरचे होते.

अशा संचांबरोबर वायुदलाची चिन्हे पातळ पापुद्र्यावर छापलेली येतात. पाण्यात भिजवायची, कागदावरून सरकवून पंखावर बसवायची. यांना ‘डिकॅल’ म्हणतात. सोय उत्तम, परंतु पापुद्र्याखाली हवा अडकली की चंदेरी झाक दिसते आणि वर्षांनुवर्षांनी तो पिवळा पडतो. सुरतेचे काही पावसाळे कपाटात काढलेला माझा एक संच तर पाण्यात टाकताच तुकडे तुकडे झाला. तेव्हा नाइलाजाने हाती कुंचला घेतला, आणि आज माझे मत असे आहे की मुख्य चिन्हे तरी हातानेच रंगवावीत.

कृती अवघड नाही. प्रथम पांढरी चकती रंगवावी, कारण चंदेरी पृष्ठभागावर केशरी आणि हिरवा रंग फिके दिसतात. ती पूर्ण वाळल्यावर कंपासला पाते लावून मास्किंग टेपची कडी कापावी. चकतीबाहेरचा भाग व मधले पांढरे वलय झाकून बाहेरचे वलय केशरी, केंद्र हिरवे करावे. रंगाचे थर पातळ द्यावेत. घाई केली की रंग टेपखाली झिरपतो.

हे करताना त्या चिन्हाचा विचार आपोआप होतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांवर लाल सूर्य असे. गोंधळ होऊन आपल्याच बाजूची गोळी लागू नये म्हणून आपल्याकडील विमानांच्या चिन्हांतून लाल रंग काढण्यात आला. स्वातंत्र्यानंतर अशोकचक्र आले आणि १९५० साली तिरंगी वर्तुळ. वैमानिकाचा जीव वाचविणारी ही ओळख आहे, हे डिकॅल चिकटविताना माझ्या कधी मनातही आले नव्हते.

येथे एक स्नेही मला कोंडीत पकडतात. “तुमच्या नवजात बालकांच्या मनगटावर छापील पट्टी हवी की हस्तलिखित?” छापीलच हवी! आम्ही निवासी डॉक्टर असताना चिकटपट्टीवर आईचे नाव हाताने लिहीत असू, आणि अक्षर न लागण्याची धास्ती कायम असे. जेथे चूक परवडत नाही, तेथे छापील साधन श्रेष्ठ. विमानावरील बारीक अंक आणि अक्षरे यांसाठी मीही डिकॅलच वापरतो. परंतु जेथे चुकण्याची मुभा आहे, तेथेही तयार वस्तू स्वीकारली तर हात शिकणार केव्हा? उंबरठ्यावर रांगोळीचे स्टिकर लावणाऱ्या घरातील मुलीला ठिपके जोडता येत नाहीत, यात तिचा काय दोष?

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना सुचवितो : सुटीत मुलांबरोबर एखादे विमान रंगवा. पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग घ्या, खिडकी उघडी ठेवा, पाते मात्र स्वतःच्या हाती ठेवा. गोल वाकडा आला तर पुसायला लावू नका.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ वायुदलातून निवृत्त झाले. त्या आठवड्यात रंगविलेले विमान माझ्या दवाखान्यात टेबलावर आहे. पन्नाशीतल्या हाताने डाव्या पंखावरचा गोल किंचित लांबट झाला आहे. बालरुग्णांनी तो केव्हाच ओळखला. आपणही येऊन अवश्य पाहावा.