स्वयंभू गंधार

दिवसाकाठीं आपल्या वांट्यास सुखाचे प्रसंग किती येतात, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. खर्चाचा मात्र पैपैचा ठेवितो. आम्हीं एकदां हा हिशेब मांडून पाहिला. पहांटे रामकुंडावरून येणारा गार वारा, तांबट आळींतून जातांना कानीं पडणारा हातोड्यांचा ठेका, १८४० सालीं स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयांत ताजें मासिक प्रथम आपल्याच हातीं पडणें, आणि दिवेलागणीनंतर तासभर पेटी. नोकरींत असतांना तर या शेवटच्या तासावरच आमचा सारा दिवस तोललेला असे. विभक्त्या घोकवून घोकवून घसा बसला, तरी घरीं जाऊन भूप वाजवावयाचा आहे एवढ्या आठवणीनें वह्यांचा गठ्ठा हलका होई.

पेटी हें मूळचें परदेशचें वाद्य. १८४० च्या सुमारास पॅरिस येथें देबँ नामक कारागिरानें तिला रूप दिलें. पुढें कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं मांडी घालून वाजवितां येईल अशी हातभात्याची पेटी केली आणि ती घरोघर पोंचली. तिच्यावर आक्षेपही पुष्कळ आले. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला बंदी केली, ती सुमारें तीस वर्षें टिकली. हे आक्षेप म्हणजे पंडितांची हौस, असें आम्ही समजत होतों.

मागें एकदां जुनीं पुस्तकें शोधावयास माळ्यावर चढलों, तों खोळींत गुंडाळलेला तंबोरा हातीं लागला. तो आमच्या सौभाग्यवतींचा; माहेराहून आलेला, मिरजेच्या घडणीचा. (मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें वाचकांस ठाऊक असेलच.) लग्नानंतर वर्षभर तो दिवाणखान्यांत होता. मग घरांत माणसें वाढलीं, पाळणा हलला. तंबोरा प्रथम कपाटाआड व नंतर माळ्यावर गेला. ‘गाऊं नका’ असें त्यांना कोणीं म्हटलें नाहीं. तसें म्हणण्याची वेळच त्यांनीं कोणावर येऊं दिली नाहीं.

आम्हीं तारा बदलल्या आणि एका जाणत्या कारागिराकडून जवारी काढविली. घोडीचा माथा किंचित् बाकदार घासावयाचा आणि तार व घोडी यांमध्यें सुताचा दोरा नेमक्या जागीं सरकवावयाचा, म्हणजे तार झणत्कारूं लागते. त्या सायंकाळीं पेटीचा षड्ज धरून आम्ही खुंट्या पिळीत बसलों. अर्धा तास गेला. स्वयंपाकघरांतून आवाज आला, “अहो, जोडीच्या तारा एकमेकींशीं भांडताहेत.” पदराला हात पुशीत त्या बाहेर आल्या, एक मणी केसभर सरकविला, दुसरा त्याहूनही कमी, आणि तंबोरा बोलूं लागला.

तंबोऱ्याच्या चार तारांत पहिली पंचमाची, दोन षड्जाच्या व चौथी खर्जाची. गंधाराची एकही नाहीं. तरीही नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जांतून गंधार आपोआप उमटतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तार सबंध कांपत असतां तिचे लहान लहान भागही वेगळे कांपत असतात, आणि पांचव्या हिश्श्याच्या कंपांतून हा स्वर निघतो. पेटींत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. म्हणून तिचा गंधार याहून अर्ध्या सुराच्या सुमारें सातव्या हिश्श्यानें चढा लागतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ लिहून बावीस श्रुतींचा विचार केला. तो ग्रंथ आम्हीं वाचला होता. श्रुति ऐकली मात्र त्या सायंकाळीं.

“तुमच्या भुपांतला गंधार मला नेहमींच टोंचायचा,” त्या सहज म्हणाल्या.

“मग इतकीं वर्षें सांगितलें कां नाहीं?”

“तुम्ही रमलेले असायचांत. आणि माझ्या पोळ्या व्हायच्या असत.”

आमचा तो तास आम्ही स्वकष्टाची कमाई समजत होतों. तो मोकळा मिळावा म्हणून दुसऱ्या कोणाचा तरी तास पोळपाटापाशीं जात होता, ही रक्कम आमच्या जमाखर्चांत कधीं मांडलीच गेली नाहीं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याला सभ्य घरांत मानाची जागा मिळवून दिली, आणि उत्तरायुष्यांत याच नाशकांत रामनाम आधार आश्रम चालविला. त्याच गांवांत आमच्या माळ्यावर तंबोरा धूळ खात पडला होता.

आतां दिवेलागणीचा तास त्यांचा आहे. त्या वेळीं कुकर आम्ही लावतों, भाजी आम्ही चिरतों आणि सूनबाई कचेरींतून आल्या कीं पोळ्यांना बसतात. सौभाग्यवतींचा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. तार षड्जाला तो कांपतो. मग त्या थांबतात, क्षणभर नुसता तंबोरा छेडतात आणि खालच्या स्वरांत येतात. जवारी काढल्यानें तंबोरा परत मिळतो; वर्षें मिळत नाहींत.

वाचकांस विनंती एवढीच, कीं सवड काढून आपापल्या माळ्यावर एकदां चढून पाहावें. आमच्यापुरतें सांगावयाचें, तर पहिल्या आठवड्यांत भाजी दोनदां लागली. आतां लागत नाहीं.