फ्लॅटमेट: बॉल पायथन

पेट म्हणून साप हवाय? आधी कायदा बघा. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आफ्रिकेतला बॉल पायथन घेतलात, तर २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी मस्ट!

टँकची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २५च्या आसपास. दोन्हीकडे लपायला जागा, पाण्याचं भांडं, झाकणाला लॉक. हीट मॅटला थर्मोस्टॅट नसेल, तर साप भाजतो.

पहिला आठवडा त्याला एकटं सोडा. मग पिल्लाला दर आठवड्याला एक फ्रोझन उंदीर, पूर्ण वितळवून, कोमट करून. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. उपास धरला तर घाबरू नका; वजन उतरलं, तर मात्र डॉक्टर गाठा.

आणि हो, हा वीसेक वर्षं सहज जगतो. लग्न ठरवताना आधीच सांगून टाका!