शरण आणि शरणागती

वाचकहो, नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून आपण अनेकदा गेला असाल. पण त्या नावाचा अर्थ आज कोणी विचारीत नाही. निराश्रितास जेथे शरण मिळते, ते शरणपूर. या नावामागे नाशिकच्या इतिहासातील एक विसरलेले प्रकरण आहे, आणि धर्मांतराचा व मानवी हक्कांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घेणे अगत्याचे आहे.

एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रावर आफ्रिकी माणसांचा उघड व्यापार चाले. गुलामांनी भरलेली गलबते इंग्रजी आरमाराने पकडली म्हणजे सुटलेली मुलेमुली मुंबईस आणली जात. त्यांतील अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशकास शरणपूर येथे ठेविले. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस हे त्या वसाहतीचे चालक होते. तेथे या मुलांना सुतारकी, लोहारकी यांसारखे धंदे, अक्षरओळख आणि त्याबरोबरच बायबलचे शिक्षण देण्यात आले.

या शिक्षणाचे फळ जगाने पाहिले. १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या आफ्रिकेतील प्रवासासाठी येथून नऊ तरुण निवडले. पुढे १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा नाशकात शिकलेला तरुण होता. सहकाऱ्यांनी तो देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणला. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील दफनविधीस जेकब उपस्थित होता. बाजारात विकण्यासाठी पकडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक दिले म्हणजे काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते? ज्यांनी ते पुस्तक दिले त्यांचे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होईल.

परंतु ऋण मान्य करणे निराळे आणि प्रश्न न विचारणे निराळे. नाशकात वाढलेल्या मॅथ्यू वेलिंग्टनचे मूळ नाव चेंगविंबे होते. हे नाव बदलताना त्या मुलाला कोणी विचारले होते काय? आईबाप हरवलेले, भाषा हरवलेली, पोटाला अन्न देणारा एकच हात. अशा अवस्थेत त्या हाताचा धर्म स्वीकारणे हा निर्णय म्हणावा की निरुपाय? १८७५ साली मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली आणि नाशकातील अनेक जण तेथे गेले. त्याच वसाहतीत काही वर्षांतच गोऱ्या व्यवस्थापकाने आश्रितांना फटक्यांची शिक्षा दिल्याच्या तक्रारी उठल्या. आश्रयदाता मालक होण्यास फार वेळ लागत नाही, हा त्याचा बोध होय. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाशकात शिकलेल्या विल्यम जोन्स यांनी रबाई येथे मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. ज्याला शरण मिळाले होते, तो स्वतःच दुसऱ्याचे शरणस्थान झाला.

याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे आमच्या बांधवांनी सत्याग्रह आरंभिला. याच जिल्ह्यातील येवले येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. पण दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षांचे वाचन, चिंतन आणि वाद होते. त्या काळात अनेक धर्मांचे लोक निमंत्रण घेऊन आले, तरी त्यांनी घाई केली नाही. बुद्धं सरणं गच्छामि म्हणणारा मनुष्य आपल्या पायांनी चालत जातो; त्याला कोणी भाकरी दाखवून नेत नाही. शरण आणि शरणागती यांतील अंतर ते हेच.

आज जगात निर्वासितांची संख्या कोट्यवधींच्या घरात आहे. त्यांच्यापर्यंत धर्मग्रंथाचा वर्ग आता दूरध्वनीच्या पडद्यावरूनही पोचतो. त्यास आमचा विरोध नाही. ग्रंथ वाचण्याचा, शिकविण्याचा व मनास पटेल तो धर्म स्वीकारण्याचा हक्क संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने मान्य केला आहे, आणि जो हक्क आम्ही बजावला तो ख्रिस्ती बांधवांना नाकारणे आम्हांस शोभणार नाही. आमची कसोटी एकच आहे: त्या वर्गातून उठून गेलेल्या माणसाचे अन्न, औषध व छप्पर दुसऱ्या दिवशी कायम राहते काय? राहत असेल तर ती सेवा. नसेल तर तो सौदा.

हीच कसोटी शासनासही लागू आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. उलट २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने आश्रितास प्रथम त्याचा धर्म विचारला. त्या यादीत बौद्धांचे नाव आहे, म्हणून आम्ही गप्प बसावे काय? दारात उभ्या असलेल्या माणसाची जात विचारण्याची रीत आम्ही जन्मभर सोसली आहे.

आणि शेवटी ही कसोटी आम्हांसही लागू आहे. आपल्या वसतिगृहात, आपल्या विहारात येणाऱ्या गरीब मुलाला वंदनेपूर्वी भाकरी मिळते की वंदनेनंतर? वाचकहो, शरणपूर रस्त्यावरून पुन्हा जाल तेव्हा चेंगविंबे या नावाची आठवण ठेवा आणि या प्रश्नाचे उत्तर स्वतःस द्या.