उमेदवारी आणि आत्मसंयम

आपल्या पुष्कळ कुटुंबांत हल्लीं कोणी ना कोणी मुलगा अथवा मुलगी सी. ए.च्या परीक्षेचा अभ्यास करीत असते. १९४९ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेनें या विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष कामाची उमेदवारी आवश्यक ठरविली आहे. २०२३ पासून तिची मुदत तीन वर्षांऐवजीं दोन वर्षें झाली. मुदत कमी झाली. मोह मात्र होता तेवढाच राहिला.

हा मोह कोणता? उमेदवारापुढें व्हाउचरांची थप्पी ठेवून ती वहीशीं ताडून पाहण्यास सांगतात. पन्नास व्हाउचरें पाहतां पाहतां डोळे शिणतात, आणि उरलेल्यांवर न पाहतांच बरोबरच्या खुणा पडतात. गोदामांतील माल न मोजतां आंकडा लिहिला जातो. कांहीं ठिकाणीं तर उमेदवार केवळ कागदोपत्रीं असतो. स्वतः दिवसभर शिकवणीच्या वर्गांत! खेदाची गोष्ट ही, कीं अशी 'सोय' कित्येकदां वडील मंडळीच शोधून देतात.

असें करणारीं मुलें दुष्ट असतात काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा, कीं मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि नाहींशी होत नाहीं. तो तिला सबबी सांगून झोपवितो. "सगळेच करतात", "साहेबांनींच लवकर आटपा म्हटलें", "यांत कोणाचें नुकसान?" या त्या सबबी. परंतु हिशेबतपासनिसाच्या सहीवर विसंबून बँक कर्ज देते, आणि एखादा निवृत्त गृहस्थ आपली पुंजी गुंतवितो. खोट्या खुणेचें नुकसान अशा अनोळखी घरीं जाऊन पोंचतें.

उपाय काय? नुसत्या निश्चयावर विसंबूं नये. पीटर गोल्विट्झर यांनीं १९९९ मध्यें विशद केलेला मार्ग साधा आहे: अमुक प्रसंग आला, तर मी अमुकच करीन, असें आधींच ठरवून ठेवावें. डोळे शिणले, तर पांच मिनिटें उठेन. पण न पाहिलेल्या नोंदीवर खूण करणार नाहीं. वेळ अपुरा पडला, तर "इतकें तपासावयाचें राहिलें" असें वरिष्ठांस स्पष्ट सांगेन.

वडील मंडळींस आमची एक विनंति आहे. मुलें संध्याकाळीं घरीं आलीं म्हणजे "आज काय तपासलेंस?" असें आस्थेनें विचारावें, आणि ज्या दिवशीं "आज थोडें राहिलें" असें उत्तर येईल, त्या दिवशीं रागावूं नये. खरें सांगण्याची संवय कचेरींत लागत नाहीं. ती घरींच लागावी लागते.