नांदी कापू नका हो!

मंडळी, आमच्या बुलढाण्याकडे नाटक असो की जत्रेतला तमाशा, हल्ली आधी हारतुरे, मग भाषणं. उशीर झाला की फर्मान सुटतं, "ते सुरुवातीचं वाजवणं जरा आटोपतं घ्या!" भाषण आटोपतं घ्या, असं कधी ऐकलंय कुणी?

सुरुवातीचं वादन म्हणजे लोक बसेपर्यंतचा टाइमपास, हे मला साफ नामंजूर. भरताच्या नाट्यशास्त्रात पूर्वरंगाची पहिली नऊ अंगं पडद्याआड होतात: वाद्यं मांडणं, सुरात लावणं, वाजवणं. नांदी त्यानंतर. तिकडे माँतेव्हेर्दीच्या १६०७ च्या 'ऑर्फेओ' या ऑपेरात पडदा उघडण्याआधी तोकाता तीनदा वाजवायची, अशी संहितेतच सूचना आहे. पुढे ऑपेराआधीच्या इटालियन 'सिन्फोनिया'तूनच स्वतंत्र सिंफनी उभी राहिली. टाइमपासातून एवढं उगवतं होय?

आपल्याकडे किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली नांदीनंच उघडलं. तमाशात गणाआधी ढोलकी कडाडते, ती तरी दुसरं काय सांगते?

"लोकांना वेळ नाही" म्हणता? मग सत्काराला कुठून येतो? आणि ढोलकीवाल्याचा विचार करा. रात्रभर तो दुसऱ्याच्या गाण्यामागे, नाचामागे वाजवणार. सुरुवातीची दहा मिनिटंच काय ती त्याची स्वतःची. तीही कापली, तर त्याच्या पोरानं ढोलकी का शिकावी?

नातलगांनो, तुमच्यातले बरेच जण कमिटीत आहात. सत्कार मध्यंतरात उरका. पुढच्या वेळी वर्गणीला याल तेव्हा पावती फाडण्याआधी मी एकच विचारीन: वाजवणाऱ्यांना किती वेळ?