समरात्र, समतिथि आणि पुत्रप्राप्ति

पुत्र हवा असेल तर समतिथीस स्त्रीसंग करावा, हा उपदेश आमच्या लोकांस अद्यापि कीर्तनांतून व लहानमोठ्या पुस्तिकांतून ऐकावयास मिळतो, आणि त्याच्या पाठीशीं आयुर्वेदाचें नांव उभें केलें जातें. तेव्हां ग्रंथ काय म्हणतात तें एकदां उघडून पाहणें अवश्य आहे.

सुश्रुतानें ऋतुकाल बारा रात्रींचा सांगितला आहे. समरात्रीं पुत्र व विषमरात्रीं कन्या, असेंहि त्यांत आहे. तें आम्ही लपवीत नाहीं. परंतु या रात्री मोजावयाच्या त्या स्त्रीच्या रजोदर्शनापासून, चंद्राच्या कलांवरून नव्हेत! व्याजाची मुदत रक्कम दिल्या दिवसापासून धरावी, हें ज्या व्यापाऱ्यास कळतें त्यानें हा अष्टमी-दशमीचा हिशेब मान्य करावा तरी कसा? चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा; स्त्रियांचें ऋतुचक्र मात्र निरोगी प्रकृतींतहि एकवीसपासून पस्तीस दिवसांपर्यंत कमीअधिक असतें. दोहोंचा मेळ बसावा कोठून? वाग्भटानें पर्वदिवशीं संग वर्ज्य सांगितला आहे खरा. पण पुत्र होण्या न होण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

मूळचा समरात्रींचा नियमहि आतां टिकत नाहीं. अपत्याचें लिंग पुरुषबीजांतील गुणसूत्रावर ठरतें. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीनें १९०५ सालीं किड्यांच्या बीजावर केलेल्या संशोधनानें या ज्ञानाचा पाया घातला. स्त्रीबीज पुढील रजोदर्शनापूर्वीं सुमारें दोन आठवडे सुटतें, हें जपानांतील डॉ. ओगिनो यांनीं १९२४ सालीं मांडलें. त्या हिशेबानें अनेक स्त्रियांच्या बाबतींत सुश्रुताच्या बारा रात्री संपल्यावरच गर्भधारणेचे दिवस येतात. सुश्रुतापाशीं सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें, त्यास दोष देणें व्यर्थ. यंत्र हातीं असतां जे तिथि विकतात त्यांचें काय? मुलगी झाली कीं तिथि चुकल्याचा ठपका येतो सुनेच्या माथीं. पुरुषबीजाची चौकशी कोणी करीत नाहीं.

गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा २००३ पासून गर्भधारणेपूर्वींच्या लिंगनिवडीच्या जाहिरातीसहि लागू आहे, मग सांगितलेला उपाय शास्त्रीय असो वा नसो. अशा पुस्तिका दुकानांत मांडणारांनीं तो वाचून ठेवावा.

आणि आयुर्वेदाचाच आधार हवा असेल, तर चरकानें सद्वृत्त सांगतांना अकामा स्त्रीशीं, म्हणजे जिची इच्छा नाहीं तिच्याशीं, संग निषिद्ध म्हटला आहे. त्यांत स्वतःची पत्नी वगळलेली नाहीं. हा नियम या पुस्तिकांच्या कोणत्या पानावर छापला आहे, तें आम्हांस कोणी दाखवील काय?